नाव सांगणे आणि ओळख पटविणे : स्वयंचलित सुरक्षित फाइल-प्रेषणाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

एका संगणकावरील फाइल दूरच्या सर्व्हरवर पाठविणे ही क्रिया आज इतकी नित्याची झाली आहे की, तिला स्वतंत्र इतिहास असेल अशी कल्पनाही सहसा मनात येत नाही. ग्रंथालयाच्या सूची, हस्तलिखितांची छायाचित्रे, बोलींची ध्वनिमुद्रणे, परीक्षाविभागाच्या नोंदी ह्यांच्या प्रती रात्री ठराविक वेळी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात; आणि त्या जात असताना ज्याच्यावर त्यांची जबाबदारी असते तो मनुष्य घरी निद्रिस्त असतो. ह्या प्रकारास 'स्वयंचलित' हे विशेषण आपण सहज लावतो. परंतु त्या विशेषणातच एक कठीण प्रश्न दडलेला आहे. पलीकडच्या सर्व्हरने 'कोण आहे?' असे विचारले, तर अनुपस्थित मनुष्याच्या वतीने उत्तर कोणी द्यावयाचे? आणि ते उत्तर खरे आहे हे कशावरून मानावयाचे?

मराठीत नाव सांगणे आणि ओळख पटणे ह्या दोन क्रिया भिन्न मानल्या जातात. नाव कोणासही सांगता येते. ओळख मात्र ऐकणाऱ्यास पटावी लागते, आणि तिच्यासाठी काही खूण लागते. दूरस्थ फाइल-प्रेषणाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास म्हणजे पहिल्या क्रियेकडून दुसरीकडे झालेली वाटचाल होय, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या वाटचालीतील मुख्य टप्पे दाखवून, ज्या अडचणीतून ती सुरू झाली ती अडचण पूर्णपणे कधीच नाहीशी झाली नाही, ती केवळ आपली जागा बदलीत गेली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. परवलीचा शब्द

ह्या इतिहासाचा आरंभ एप्रिल १९७१ पासून धरणे सयुक्तिक ठरेल. त्या महिन्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे काम करणाऱ्या अभय भूषण ह्यांनी फाइल-प्रेषणाच्या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा अर्पानेटच्या 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' ह्या टिपणमालेत ११४ व्या क्रमांकाने प्रसिद्ध केला. भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे, १९६५ साली पदवी घेतलेले विद्यार्थी. त्यांच्या मसुद्यात पुढे अनेकांनी भर घातली, आणि ऑक्टोबर १९८५ मधील ९५९ व्या टिपणाने त्यास स्थिर रूप आले. एफटीपी ह्या नावाने परिचित असलेला प्रोटोकॉल तो हाच.

एफटीपीची रचना संभाषणाच्या धर्तीची आहे. पाठविणारा प्रथम 'यूझर' ह्या आज्ञेने आपले नाव सांगतो, नंतर 'पास' ह्या आज्ञेने परवलीचा शब्द सांगतो, आणि सर्व्हर प्रत्येक वाक्यास तीन अंकी संख्येने उत्तर देतो. नाव आणि परवलीचा शब्द ही दोन्ही जशीच्या तशी, उघड्या अक्षरांत तारेवरून जातात. मार्गात कोणी कान देऊन बसला असेल, तर त्यास ती वाचता येतात.

ह्यात तत्कालीन रचनाकारांचा निष्काळजीपणा पाहणे अनैतिहासिक होईल. १९७१ साली ह्या जाळ्यावर जेमतेम दोन डझन संगणक होते, आणि ते एकमेकांस परिचित अशा संशोधनसंस्थांचे होते. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, परवलीचा शब्द ही मूळची मनुष्यासाठी केलेली योजना होती. जो शब्द स्मरणात राहतो, मागितल्यावर उच्चारता किंवा टंकित करता येतो, आणि अन्यत्र कोठेही लिहिलेला नसतो, तो परवलीचा शब्द. त्याचे सारे सामर्थ्य मनुष्याच्या स्मरणावर अवलंबून आहे. मनुष्य बाजूस झाला की ते स्मरण कोठे तरी लिहून ठेवावे लागते; आणि लिहिलेली परवली ही निम्मी फुटलेली परवली असते.

३. मनुष्याच्या अनुपस्थितीत

हा प्रसंग लवकरच आला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क ह्यांनी यूयूसीपी ही कार्यप्रणाली रचली, आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तिचा दूरवर प्रसार झाला. तीत फाइली प्रथम रांगेत ठेवल्या जात, आणि पुढे एक संगणक दुसऱ्यास टेलिफोन लावून त्या पोहोचत्या करी. टेलिफोनचे दर रात्री कमी असत, म्हणून हे काम बहुधा रात्रीच चाले. त्याच सातव्या आवृत्तीत ठरलेल्या वेळी ठरलेले काम सुरू करणारी 'क्रॉन' ही लहानशी कार्यप्रणालीही होती. स्वयंचलित प्रेषणास लागणारी दोन्ही अंगे, म्हणजे वेळ पाळणारा नोकर आणि सामान वाहणारा नोकर, येथे प्रथमच सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती एकत्र आली.

भारताचा ह्या पद्धतीशी प्रत्यक्ष संबंध आला तो १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पामुळे. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी ह्या दोन्ही संस्था त्या प्रकल्पात होत्या, आणि त्यांच्यामधील आरंभीची संगणकीय डाक टेलिफोनवरून यूयूसीपीच्याच आधारे जात असे.

परंतु पलीकडच्या संगणकाने परवली विचारली म्हणजे काय करावयाचे? यूयूसीपीचे उत्तर सरळ होते. 'एल. सिस' नावाच्या एका फाइलीत प्रत्येक संगणकाचे नाव, त्यास दूरध्वनी करण्याची वेळ, क्रमांक, आणि प्रवेशाच्या वेळी होणारा संवाद परवलीच्या शब्दासह लिहून ठेवलेला असे. एफटीपीच्या वापरकर्त्यांसही पुढे 'नेटआरसी' नावाच्या फाइलीत अशीच सोय मिळाली. मनुष्याच्या स्मरणातील गुपित आता उघड्या अक्षरांत तबकडीवर आले. ती फाइल ज्याच्या दृष्टीस पडली त्याच्या हाती तीत नोंदलेल्या सर्व संगणकांची दारे आली.

ह्यावर बर्कले येथील विद्यापीठात निराळा तोडगा निघाला. १९८३ साली प्रसृत झालेल्या बर्कले युनिक्सच्या ४.२ ह्या आवृत्तीत 'आरलॉगिन', 'आरएसएच' आणि 'आरसीपी' ह्या आज्ञा होत्या. अमुक संगणकावरून आलेल्या अमुक वापरकर्त्यास परवली न विचारता आत घ्यावे, अशी नोंद 'आरहोस्ट्स' नावाच्या फाइलीत करता येई. गुपित लिहून ठेवणे धोक्याचे, म्हणून गुपितच काढून टाकावे, असा हा विचार. व्यवहारात तो फार सोयीचा ठरला. कारण क्रॉनने मध्यरात्री सुरू केलेले काम कोठेही न अडखळता पार पडे. तथापि येथे ओळख पटविण्याची क्रिया संपूर्ण लोपली, आणि केवळ नाव सांगण्यावर कारभार चालू लागला.

त्याची किंमत लवकरच कळून आली. १९८५ साली रॉबर्ट मॉरिस ह्यांनी ४.२ आवृत्तीतील एक दुर्बलता टिपणाद्वारे दाखवून दिली. प्रत्येक जोडणीच्या आरंभी जो अनुक्रमांक ठरतो त्याचा अंदाज करता येत असे. आणि तो अंदाज बरोबर आला तर विश्वासातील संगणकाचे सोंग घेऊन दुरून आज्ञा देता येत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ह्याच मॉरिस ह्यांनी जाळ्यात सोडलेल्या कार्यप्रणालीने जी वाताहत केली, तीत ह्या परस्पर विश्वासाच्या नोंदींचाही उपयोग करून घेतला होता. १९८९ साली स्टीव्हन बेलोव्हिन ह्यांनी ह्या सर्व दोषांचे पद्धतशीर विवेचन केले. डिसेंबर १९९४ मध्ये त्सुतोमू शिमोमुरा ह्यांच्या संगणकावर झालेला हल्लाही ह्याच जातीचा होता. तत्त्वतः ज्ञात असलेला दोष नऊ वर्षांनंतरही व्यवहारात तसाच राहिला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

४. कर्कहॉफ्सपासून हेलसिंकीपर्यंत

ह्या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट एका जुन्या सूत्रातून निघते. ऑगस्ट कर्कहॉफ्स हे व्यवसायाने भाषांचे अध्यापक. पॅरिस येथे ते जर्मन शिकवीत, आणि व्होलाप्यूक ह्या कृत्रिम भाषेचे ते उत्साही पुरस्कर्ते होते. १८८३ साली सैनिकी गूढलेखनावर लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी असे मांडले की, गूढलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. गुप्त राहावयास हवी ती केवळ किल्ली. व्याकरण सर्वांस खुले असावे आणि अर्थ मात्र किल्ली असणाऱ्यासच कळावा, अशा रूपकात भाषेच्या अभ्यासकास हे सूत्र समजून घेता येईल.

परंतु कर्कहॉफ्स ह्यांच्या काळी दोन्ही पक्षांपाशी एकच किल्ली असावी लागे, आणि ती आधी पोहोचवावी लागे. ही अट १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्यांच्या निबंधाने मोडली. किल्ल्यांची जोडी करावी, एक उघडी आणि एक खाजगी. उघडी कोणासही द्यावी, खाजगी कधीही आपल्या हातून सोडू नये, ही त्यातील कल्पना. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन ह्यांनी १९७७ मध्ये ती गणिताने सिद्ध केली, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन विभागात जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन ह्यांनी १९७० ते १९७४ ह्या काळातच असा विचार केला होता, हे १९९७ साली उघड झाले.

सिद्धांत आणि त्याचा सार्वत्रिक उपयोग ह्यांत जवळजवळ दोन दशकांचे अंतर पडले. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स येथे तयार झालेली 'कर्बेरॉस' पद्धती सुरक्षित होती. परंतु तिला एक मध्यवर्ती अधिकारी संगणक लागे, आणि म्हणून ती मुख्यतः एका संस्थेच्या आवारातच नांदली. इकडे जाळे वाढत होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील सर्ट ह्या संस्थेने इशारा दिला की, मार्गात बसून परवलीचे शब्द टिपणाऱ्यांनी हजारो संगणकांची प्रवेशमाहिती हस्तगत केली आहे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील जाळ्यावरही अशाच प्रकारे परवलीचे शब्द चोरीस गेले. त्या अनुभवातून तेथील संशोधक तातू युलोनेन ह्यांनी 'सिक्युअर शेल', म्हणजे एसएसएच, ही कार्यप्रणाली लिहिली, आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांस मोफत उपलब्ध केली. एफटीपीचा दारक्रमांक २१ आणि टेलनेटचा २३. ह्या दोहोंची जागा घेणाऱ्या नव्या प्रोटोकॉलसाठी युलोनेन ह्यांनी मधला मोकळा २२ हा क्रमांक मागितला व तो त्यांस मिळाला. वर्षअखेरीस सुमारे पन्नास देशांत वीस हजारांच्या आसपास लोक ती वापरीत होते असा अंदाज आहे. हा प्रसार इतक्या वेगाने होण्याचे एक कारण नामकरणातही आहे. 'आरएसएच'चे 'एसएसएच' झाले, 'आरसीपी'चे 'एससीपी' झाले. 'दूरस्थ' ह्या अर्थाचे आद्याक्षर जाऊन 'सुरक्षित' ह्या अर्थाचे आले. बाकीची वाक्यरचना तशीच राहिली. बर्कलेच्या आज्ञांची सवय असलेल्यांस केवळ एक अक्षर बदलावे लागले.

ह्या पद्धतीत ओळख कशी पटते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पाठविणाऱ्याची उघडी किल्ली सर्व्हरवर आधी नोंदविलेली असते. जोडणी झाली की दोन्ही बाजू त्या एका भेटीपुरते गुपित ठरवितात, आणि पुढचे सर्व बोलणे त्याने झाकले जाते. नंतर पाठविणारा त्या भेटीच्या विशिष्ट खुणेवर आपल्या खाजगी किल्लीने सही करतो, आणि सर्व्हर ती सही उघड्या किल्लीने पडताळून पाहतो. सही त्या एकाच भेटीपुरती असल्याने ती टिपून ठेवणाऱ्यास तिचा पुढे काहीही उपयोग होत नाही. मुख्य गोष्ट ही की, खाजगी किल्ली तारेवरून कधीच जात नाही. ती आपल्यापाशी आहे एवढेच सिद्ध केले जाते. शिवाय प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीची खूण जाते. जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तब उमटविल्यावर त्याखाली भर घालता येत नसे, तसा मजकुरात मध्येच झालेला फेरफार त्या खुणेमुळे उघडकीस येतो. ह्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती जानेवारी २००६ मध्ये ४२५१ ते ४२५४ ह्या टिपणांनी प्रमाणित झाली. युलोनेन ह्यांच्या कार्यप्रणालीचे पुढील परवाने आखडते होत गेले, तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनबीएसडी प्रकल्पाने ओपनएसएसएच सिद्ध केले व डिसेंबर १९९९ मध्ये ते प्रसृत केले. आजचे बहुतेक स्वयंचलित प्रेषण त्याच्याच आधारे चालते. एससीपीची जुनी पद्धती सदोष ठरल्यामुळे एप्रिल २०२२ पासून ओपनएसएसएचमधील ती आज्ञाही आतून एसएफटीपी ह्या नव्या प्रोटोकॉलचाच अवलंब करते.

५. फरक तेवढा पाठविणे

सुरक्षिततेबरोबर दुसरा प्रश्न होता तो परिमाणाचा. रोज रात्री संपूर्ण संग्रह पाठविणे मंद तारांवर अशक्य होते. जून १९९६ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरास ह्यांनी 'आरसिंक' ही कार्यप्रणाली जाहीर केली. तिच्यामागील विचार ट्रिजेल ह्यांच्या १९९९ च्या प्रबंधात सविस्तर आला आहे. पाठचिकित्सेत दोन पोथ्या समोर ठेवून केवळ पाठभेद नोंदवितात. येथे अडचण अशी की, दोन पोथ्या दोन गावी आहेत, आणि एक दुसरीकडे नेणे हेच टाळावयाचे आहे. आरसिंकची युक्ती अशी : घेणारा आपल्या जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या दोन खुणा, एक स्वस्त व एक पक्की, पाठवितो. पाठविणारा आपल्या नव्या प्रतीत एकेक अक्षर पुढे सरकत त्या खुणा शोधतो, आणि जे तुकडे जुळत नाहीत तेवढेच धाडतो. आरंभी हे काम आरएसएचवरून चाले. २००४ च्या २.६.० ह्या आवृत्तीपासून एसएसएच ही त्याची स्वाभाविक वाट झाली. क्रॉन, आरसिंक आणि एसएसएच हे त्रिकूट येथे पूर्ण होते.

६. किल्ली कोठे ठेवावी

तथापि मूळ प्रश्नाकडे परत आल्यावाचून विवेचन पुरे होत नाही. खाजगी किल्ली हीही अखेर एक फाइलच. मनुष्य जवळ असेल तर तो ती वेगळ्या परवलीने बंद ठेवू शकतो. परंतु मध्यरात्री ती परवली देण्यास कोणी नसते, म्हणून स्वयंचलित कामाची किल्ली बहुधा उघडीच ठेवली जाते. 'एल. सिस'मधील परवली आणि ही उघडी किल्ली ह्यांत मग भेद काय उरला? भेद दोन आहेत. पहिला असा की, किल्ली मार्गात टिपता येत नाही. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा, असा की, किल्लीचा अधिकार मर्यादित करता येतो. परवलीचा शब्द संपूर्ण घर उघडतो. सर्व्हरवर नोंदविलेल्या उघड्या किल्लीपुढे मात्र अशी अट लिहिता येते की, ही किल्ली अमुक पत्त्यावरूनच चालावी व तिने अमुक एकच आज्ञा पार पाडावी. २००८ पासून ओपनएसएसएचमध्ये एखाद्या खात्यास एकाच कक्षात कोंडून ठेवण्याचीही सोय झाली. गुपित अधिक खोल लपविण्यापेक्षा गुपिताचा अधिकार कमी करणे, हे ह्या इतिहासाचे खरे फलित होय.

हे फलित किती आवश्यक होते ते नंतरच्या तीन घटनांवरून दिसते. २००६ साली डेबियन प्रणालीतील एका दुरुस्तीमुळे किल्ल्या घडविताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या सुमारे बत्तीस हजार एवढ्याच संभवत होत्या, म्हणजे त्या सर्व क्रमाने लावून पाहता येत. लुचियानो बेल्लो ह्यांच्या ध्यानात आलेला हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे अनेक दारांची कुलुपे नावापुरतीच होती. मार्च २०२३ मध्ये गिटहब ह्या संस्थेने आपल्या सर्व्हरची एक खाजगी किल्ली चुकून उघड झाल्याचे सांगून ती बदलली. तेव्हा ठिकठिकाणची स्वयंचलित कामे 'सर्व्हरची ओळख पटत नाही' असे म्हणून थांबली. पुष्कळांस हे थांबणे उपद्रव वाटले, परंतु तेच यंत्रणेचे कर्तव्य होते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड ह्यांनी उघडकीस आणले की, 'एक्सझेड' ह्या साहाय्यक कार्यप्रणालीच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत एसएसएचमध्ये चोरवाट पाडण्याची योजना घुसविली आहे. प्रवेशास लागणारा अर्ध्या सेकंदाचा विलंब त्यांस खटकला, एवढेच त्या शोधाचे निमित्त. जो मनुष्य ह्या व्यवहारातून बाजूस काढला असे आपण समजलो, त्याच्याच सावधपणाने येथे अनर्थ टळला.

७. उपसंहार

ह्या इतिहासातून व्यवहारासाठी काही निष्कर्ष निघतात. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हर आपली किल्ली दाखवितो आणि 'ही मान्य आहे काय?' असा प्रश्न येतो. त्यास न वाचता होकार देणे म्हणजे पुन्हा नाव सांगण्याच्या युगात जाणे. त्या किल्लीची खूण अन्य मार्गाने मिळवून ताडून पाहावी, आणि ती बदलल्यास काम थांबावे अशीच व्यवस्था ठेवावी. प्रत्येक कामास स्वतंत्र किल्ली असावी, व तिचा अधिकार त्या कामापुरताच असावा. दूरची प्रत ही मूळ प्रतीचा आरसा आहे, हेही विसरू नये. मूळ संग्रहातील फाइल चुकून पुसली गेली आणि आरशासही पुसण्याची आज्ञा असली, तर दुसऱ्या रात्री ती तेथूनही जाते. यास्तव मागील दिनांकांच्या प्रती वेगळ्या राखणे आणि त्यांतून फाइल परत आणून पाहणे, ही प्रेषणाइतकीच आवश्यक कामे होत.

भाषाविभागांच्या बाबतीत ह्यास विशेष अर्थ आहे. छापील ग्रंथाची दुसरी प्रत बहुधा कोठे तरी सापडते. एखाद्या बोलीच्या वृद्ध वक्त्याचे ध्वनिमुद्रण मात्र एकदा नष्ट झाले की, तो वक्ता हयात नसल्यास ते पुन्हा करता येत नाही. अशा सामग्रीचे रक्षण यंत्रावर सोपविताना त्या यंत्राच्या हाती कोणती किल्ली दिली आहे आणि ती काय काय उघडते, हे विभागातील निदान एका व्यक्तीस नेमके सांगता आले पाहिजे.